चौदा नंबरचा पुकारा

८ जुलै, मंगळ.

टेबलावर आज तिघं. दोघांचं काम तहसीलचं निघालं, तिकडे पाठवलं. तिसरे जऊळक्याचे किसन तायडे, वय चौऱ्याहत्तर, रेल्वेत गँगमन होते. रुळावर हातोडे मारून मारून कान गेले. बरोबर बायको, गोकर्णाबाई. प्रश्न मी तायड्यांना विचारायचा आणि उत्तर बाईनं द्यायचं, असा कार्यक्रम अर्धा तास चालला. शेवटी म्हटलं, त्यांना बोलू द्या.

"त्याईले ऐकू गेलं तं बोलतीन ना," बाई म्हणाली.

प्रकरण असं. गावातल्या समाजमंदिरात मोफत कानतपासणी झाली. टाय लावलेला माणूस आला, कानात बत्ती घातली, 'सरकारी योजना आहे' म्हणाला, टॅबवर अंगठा घेतला, कानाचं मशीन हातात दिलं. मोबाइलवर आलेला नंबर बाईनंच वाचून दाखवला. आता मशीनचा हप्ता म्हणून पेन्शनमधून दर महिन्याला तेवीसशे कापतात, तीस महिने कापणार. मशीन कानात घातलं की शिटी वाजते, दुसरं काही ऐकू येत नाही. परत द्यायला अकोल्याला दुकानात गेले तर तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, सवय करा."

मी सांगितलं, घाबरू नका, मी इथंच आहे. बाहेर पाटीच लावली आहे, 'मोफत विधी सहाय्य, ज्येष्ठ नागरिकांस प्राधान्य'. त्या पाटीखाली मी बसतो. याच आवारात तीस वर्षं कोर्टाचा शिपाई होतो, पुकारा माझा. हॉटेलात जेवायला बसलेला पक्षकार तोंडातला घास टाकून धावत यायचा. आता छातीवर 'विधी स्वयंसेवक' असा बिल्ला आहे आणि पुकारायला कोणी नाही.

नाव लांब, यापुढे कि. लिहीन.

१० जुलै

राऊत मॅडमना कागद दाखवले. विधी सेवेच्या पॅनेलवरच्या वकील, तिशीच्या आतल्या. फी नाममात्र मिळते तरी कागद पूर्ण वाचतात, त्यामुळे बाकीचे वकील त्यांना हसतात. म्हणाल्या, ग्राहक आयोगात तक्रार होते, फसवून विकलं आहे. आधी बँकेला पत्र देऊन कपात बंद करा.

कि. आणि बाईंना घेऊन बँकेत गेलो. काउंटरवरच्या माणसानं पत्र वाचलं आणि बाईला विचारलं, "अंगठा देताना झोपला होता का म्हातारा?" रांगेतले हसले. कि. पण हसले. लोक हसताना दिसले की ते हसतात, मागे राहू नये म्हणून. मला राग आला तो कि.चाच. कपात मात्र बंद झाली.

२४ जुलै

तक्रार दाखल, जिल्ह्याला. कि.नं सही केली. सही मोठी, एकेक अक्षर कोरून. मग बाईला म्हणाले, "झाली ना केस? आता पैसे नाई कापत ना?" बाईनं मानेनं नाही सांगितलं. तेवढ्यावर माणूस खूश. मला रेल्वेचं पेन गिफ्ट देऊ लागले, रिटायरमेंटला मिळालेलं. घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं वाटलं असतं त्यांना, पण नियम.

६ ऑगस्ट

कपात बंद केली म्हणून वसुलीवाल्यांचे फोन सुरू. आज टेबलासमोरच फोन आला. बाईनं स्पीकर लावला.

"ओ आजी, बुढ्ढा कुठाय? मेला का?"

"हाय जी, इथंच हाय."

"मग दे त्याला. कान आमचेच लावलेत ना?"

बाईनं शांतपणे फोन नवऱ्याच्या मशीनला लावला. पलीकडचा आईबहिणीवरून बोलत होता, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. कि. ऐकल्यासारखं करत होते. शेवटी म्हणाले, "हो हो, जय भीम," आणि फोन परत दिला. शेजारचा टायपिस्ट पोट धरून हसला. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. बाई हसली नाही. पदरानं फोन पुसला आणि पिशवीत ठेवला.

२१ ऑगस्ट

आयोगानं हुकूम दिला, निकालापर्यंत वसुली थांबवा. मॅडमचं काम चोख. बाईला फोन केला. "मंग जिंकलो?" म्हणाली. नाही, म्हटलं, केस चालू आहे तोवर कोणी दारात येणार नाही. केस गेली तर सगळं मागचं पुढचं व्याजासकट.

"मंग जाऊ नोका देऊ," बाई म्हणाली. जसं काही मी घालवायला बसलो आहे.

९ ऑक्टो.

सोयाबीन काढणीमुळे टेबल ओस. सगळा तालुका वावरात. घरी जाताना मेडशीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली यातच दिवस सार्थकी लागला.

कंपनीचं उत्तर आलं. 'अर्जदार यांस मशीनमुळे उत्तम ऐकू येते. आमचे प्रतिनिधी यांनी विचारलेल्या प्रश्नांस अर्जदार यांनी योग्य उत्तरे दिलेली आहेत.' बाईनं दिली होती उत्तरं. पुढे लिहिलं आहे, 'वयोमानामुळे अर्जदार यांची समज कमी झालेली असून त्याचा दोष मशीनवर येत नाही.' म्हणजे ऐकू येतं आणि समजत नाही. मॅडमनी तो परिच्छेद दोनदा वाचला आणि त्याखाली पेन्सिलनं इतकी जोरात रेघ मारली की कागद फाटला.

३१ ऑक्टो.

पुढची तारीख ४ नोव्हें. मॅडम म्हणाल्या, कि.ना हजर ठेवा, आयोगाच्या सदस्यांनी विचारलं तर त्यांनी स्वतः बोललेलं बरं.

त्यावर मला युक्ती सुचली. बाई बरोबर असली की ती उत्तरं देणार आणि समोरचा वकील म्हणणार, बघा, ऐकू येतं. कि. एकटे आले, मशीन घालून आले आणि सदस्यांच्या प्रश्नाला नुसते हसत राहिले, तर वेगळा पुरावा लागतच नाही. मॅडमना हे सांगितलं नाही. वकिलाला सगळंच सांगायचं नसतं, तीस वर्षांत एवढं शिकलो.

बाईला फोन केला. तुम्ही येऊ नका म्हटलं.

"मी नाई आली तं त्याईले कोन सांगीन?"

"मी आहे ना."

"तुमी दिवसभर बाजूले बसान?"

"बाई, माझा जन्म कोर्टात गेला."

मग म्हणाली, डबा बांधून देते.

४ नोव्हें., मंगळ.

लिहायलाच पाहिजे. न लिहून कुठं जाणार.

साडेनऊच्या गाडीनं कि. एकटे उतरले. पांढरा शर्ट, इस्त्री. हातात डबा. आयोगाच्या दाराबाहेरच्या बाकावर बसवलं, मशीन कानात घालायला लावलं, शिटी सुरू. बोर्ड बघितला, आपला नंबर चौदा. मॅडमचा फोन: दुसऱ्या कोर्टात अडकले आहे, साडेबारापर्यंत येते, त्याआधी पुकारा झालाच तर आत जाऊन सांगा अर्जदार हजर आहेत, वकील येत आहेत, थोडा वेळ द्या. बस्, एवढंच काम.

चौदा नंबर जेवणाच्या सुट्टीआधी निघत नाही. हे मला कोणी सांगायचं? जन्मभर बोर्डाप्रमाणे पुकारलं आहे.

आवारात जुने दोन शिपाई भेटले, रिटायर. कँटीनला गेलो. कि.ना हातानं सांगितलं, बसा, आलोच. चहा झाला. मग मी माझ्या पुकाऱ्याचे किस्से सुरू केले. एकदा वाऱ्याच्या उलट दिशेला. एकदा वरात चालली असताना. ते हसत होते, मला चढत होतं.

तेवढ्यात तिकडून पुकारा आला. मी बोट वर केलं आणि म्हटलं, ऐका, हे आजकालचं पुकारणं, आवाज घशातून काढतो, छातीतून नाही. दुसरा पुकारा. म्हटलं, बघा, आडनाव गिळलं. तिसऱ्याला ते आडनाव माझ्या डोक्यात शिरलं.

धावलो. गुडघा. जिना. पोचलो तर सात नंबर चालू. कंपनीच्या वकिलाला दुसरीकडे जायचं होतं म्हणून त्यानं सकाळी विनंती करून नंबर वर घेतला होता. मग हजेरी विचारली. अर्जदार गैरहजर, वकील गैरहजर, तक्रार फेटाळली.

कि. त्याच बाकावर, दारापासून चार हातांवर, डबा मांडीवर. मी नव्या शिपायाला धरलं. तो म्हणाला, "काका, मी त्यांच्या डोक्यावर उभा राहून तीनदा पुकारलं. बाबांनी माझ्याकडं बघून हात जोडले. मला वाटलं कोणी पाव्हणा हाय."

कि.नं मला पाहून जागा केली. "लय गर्दी हाय आज. आपला नंबर कवा?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरावर डिसेंबर दाखवला. तारीख पडली, असं तोंडानं पण म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग डबा उघडला आणि अर्धी भाकर माझ्यापुढे केली. मी खाल्ली.

मॅडम बारा पंचवीसला आल्या. त्यांना सांगितलं, बाथरूमला गेलो होतो.

५ नोव्हें.

मॅडम: इथं पुन्हा उघडता येत नाही. नागपूरला अपील, पंचेचाळीस दिवस, म्हणजे १९ डिसें. गैरहजेरीचं सबळ कारण लागेल, प्रतिज्ञापत्रावर. मी म्हटलं, बघू. "बघू काय? कारण काय होतं?" मी घड्याळाकडे पाहिलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. गाडीला पाऊण तास होता.

७ नोव्हें.

झोप नाही. हेही लिहून टाकतो, वाचणारा मीच.

नोकरीत असताना 'हळू पुकारा' नावाची एक सोय होती. सकाळी कोणी खिशात वीस-पन्नास सरकवले की त्याच्या विरुद्ध पार्टीचं नाव भिंतीकडे तोंड करून पुकारायचं. तीनदा, नियमाप्रमाणे. आत जाऊन सांगायचं, कोणी नाही साहेब. किती वेळा केलं? महिन्यातून एकदा-दोनदा म्हणू. पोरीच्या लग्नाच्या वर्षी जास्त. त्यातल्या एकाचंही नाव आठवत नाही. एक बाई आठवते, हिरवं लुगडं, पिंपळाखाली बसलेली. संध्याकाळी माझ्याकडेच विचारायला आली होती, भाऊ, आमचं नाव अजून कसं आलं नाही म्हणून.

म्हणून हे टेबल घेतलं का? नाही. टेबल घेतलं कारण घरी करमत नव्हतं. उगाच स्वतःला मोठं करायला नको.

चार तारखेच्या शिपायावर संशय घेऊन पाहिला. त्यानंही पैसे घेतले असतील म्हणून. पण त्यानं मोठ्यानं पुकारलं होतं. कँटीनपर्यंत आलं होतं.

१७ नोव्हें.

गोकर्णाबाईचा फोन. "भाऊ, केस चालू हाय ना? मंग फोन काहून येऊन राह्यले?"

चुकून येत असतील, म्हटलं.

"रोज चुकून राह्यले?"

कंपन्या मोठ्या असतात बाई, एका हाताचं दुसऱ्याला माहीत नसतं. हे वाक्य मला बसल्या जागी सुचलं, याचं नवल वाटलं.

२६ नोव्हें.

आता फोनवर थांबलं नाही. वसुलीवाला काल दारात आला. बाई आज टेबलावर येऊन सांगून गेली, एकटीच. तो गल्लीत उभा राहून मोठ्यानं नाव, रक्कम, किती महिने थकले ते वाचू लागला. शेजारपाजारचे ओट्यावर आले. कि.ना वाटलं पेन्शन ऑफिसचा माणूस आला, हयातीचा दाखला तपासायला. आतून खुर्ची आणून दिली, पाणी दिलं. त्यानं पाणी पिऊन वाचणं पुढे चालू केलं. हे समोर उभे, मान हलवत, प्रत्येक रकमेला "हो जी, बरोबर."

"त्याईले अजून माहीत नाई," बाई म्हणाली. "मले इचारलं, साहेब काय म्हने. म्या म्हटलं, तब्येत इचारे."

मग माझ्याकडे बघत राहिली. मी रजिस्टरमध्ये त्यांची भेट नोंदवत होतो. भेटीचा उद्देश या रकान्यात काय लिहावं ते सुचेना.

"भाऊ, तुमी काई लपवून तं नाई राह्यले?"

नाही, म्हटलं.

१ डिसें.

टायपिस्टचा सल्ला: सरकारी दवाखान्यातून सर्टिफिकेट आणा, म्हातारा त्या दिवशी आजारी होता, दोनशेत काम होतं. मला पटलं होतं. मॅडमना पटलं नाही. म्हणाल्या, माणूस दारात बसला होता आणि ऐकू न आल्यामुळे गेला, यापेक्षा चांगलं कारण नागपूरला सापडणार नाही. फक्त बाजूला कोणी का नव्हतं, ते सांगावं लागेल.

मग सांगितलं. कँटीन, किस्से, घशातून-छातीतून, सगळं. मान खाली घालून नाही, सरळ बघून सांगितलं. वाटलं, रागावतील. त्यांनी पेनचं टोपण काढलं, लिहून घेतलं आणि विचारलं, "किती वेळ होता कँटीनमध्ये?"

"पाऊण तास."

"तुमचं प्रतिज्ञापत्र लागेल. स्वयंसेवकांच्या यादीतून नाव जाईल तुमचं, माहीत आहे ना?"

माहीत आहे.

"तुम्हाला वाईट वाटतंय का?" म्हणाल्या. "वाटत असेल तर वाटू द्या, मला सांगू नका. मला त्याचा उपयोग नाही."

पोरगी माझ्या लेकीच्या वयाची. बोललेलं लागलं आणि बरोबर होतं.

एक सांगितलं नाही. बाईला घरी ठेवायला मी सांगितलं होतं, ते. चहा प्यायला जाणं ही चूक झाली, चूक कोणाचीही होते. ते दुसरं माझी हुशारी होती. ते कागदावर कसं लिहायचं?

११ डिसें.

मसुदा तयार. वाचला. 'मी चहापानासाठी गेलो असता...' चांगला आहे. वाचणाऱ्याला माझी दया यावी असा आहे. मीच सांगितला तसा.

१८ डिसें., गुरु.

उद्या शेवटचा दिवस. आज कि. आणि बाई दोघं आले, सह्यांना. बाईला या वेळी येऊ नका म्हणायची हिंमत झाली नाही.

कि.च्या प्रतिज्ञापत्राखाली लिहिलेलं असतं, मजकूर वाचून दाखवला व समजला. मॅडमनी मला वाचायला सांगितलं. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन वाचलं, अगदी छातीतून. तक्रार फेटाळली गेली, इथपासून. झेरॉक्सवाला बाहेर आला, पार्किंगमधले थांबले, टायपिस्टचं मशीन बंद पडलं. सगळ्या आवाराला समजलं. कि. माझ्या ओठांकडे बघत होते. संपल्यावर हसले, म्हणाले, "बरं बरं," आणि कोरून सही केली.

मॅडमनी विचारलं, "समजलं का त्यांना?" मी पेनचं टोपण लावलं. मॅडमनी बाईकडे पाहिलं.

बाई बाकावरून उठली. हा मजकूर पहिल्यांदाच तिच्या कानावर पडला होता. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "आता तुमचा वाचा. तुमच्यावाला."

वाचला. मोठ्यानं नाही, तिच्यापुरता. चहापान, कँटीन, तीन पुकारे, पाऊण तास. ती ऐकत होती. संपला.

"झालं?"

"झालं."

"मी कुठं हाय ह्याच्यात?"

मी म्हटलं, तुमचा काय संबंध, तुम्ही नव्हत्याच त्या दिवशी.

"तेच इचारून राह्यली. छपन्न वर्सं त्याईच्या बाजूले हावो. दवाखाना, बँक, मयत, कुठी एकटं नाई सोडलं. त्याच दिवशी मी काहून नव्हती? नागपूरवाला साहेब इचारीन ना, बायको कुठी मेलती?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. त्यांना हे नवीन होतं.

"मी आली असती तं पुकारा आयकला असता का नसता, भाऊ?"

"ऐकला असता."

"मंग लिवा."

एवढं बोलून बाई परत बाकावर जाऊन बसली. कि.नं तिला काहीतरी विचारलं, हातानं. तिनं त्यांची कॉलर सरळ केली.

मॅडमना चारला दुसरं कोर्ट होतं. जाताना म्हणाल्या, पुन्हा टाइप करायला वेळ नाही. सहीच्या वर जागा आहे, तिथं हातानं लिहा आणि बाजूला छोटी सही करा. किंवा लिहू नका आणि असाच द्या, कागद चालेल. ठरवा, मी साडेपाचला घ्यायला येते. थांबून पुढे म्हणाल्या, लिहिलंत तर अपील मजबूत होईल आणि तुमच्यावर कदाचित वेगळी चौकशी लागेल. दोन्ही सांगायचं माझं काम.

आता पाच वाजून दहा. जऊळक्याची गाडी गेली, ते दोघं गेले नाहीत. सहीच्या वर दोन ओळींची जागा आहे. 'तसेच अर्जदाराच्या पत्नीस' इथपर्यंत लिहिलं आहे. बाई समोरून बघते आहे. तिला आकड्यांपलीकडे वाचता येत नाही, पण मी पेन उचललं की तिला दिसतं.